पाना आपल्या हातात

(विजेवर चालणाऱ्या सायकलीची निगा बायकांनीच बायकांना शिकवावी, या हेतूने पुण्यातल्या आमच्या मैत्रिणींनी एक दिवसाचं शिबिर घेतलं. सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

समोर स्टँडला टांगलेली ही सायकल माझी आहे. जेवणानंतर आपण ती जमेल तेवढी खोलणार आहोत. त्याआधी अर्धा तास मी बोलावं असं ठरलंय. मी इंजिनिअर नाही, शाळेत शिकवत होते. पाना पहिल्यांदा हातात धरला तो वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तोही रागाने. त्या रागापासूनच सुरुवात करते.

सायकल मूळची माझ्या भाच्याची. शर्यतीच्या घाटणीची. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, अरुंद टायर, ना मडगार्ड ना कॅरिअर. त्याने तिच्या मागच्या चाकात २५० वॉटची मोटर बसवून घेतली आणि पाण्याची बाटली अडकवायच्या जागी ३६ व्होल्टची बॅटरी. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला आणि सायकल माझ्याकडे आली. मी धनकवडीत राहते. तिथून खाली उतरायला मजा, वर चढायला गुडघे हवेत. माझे गुडघे संपत आले होते, त्यामुळे ही सायकल म्हणजे मला परत मिळालेलं शहर होतं. कोणाला 'सोडतोस का रे' म्हणायला नको, रिक्षाचे पैसे मोजायला नकोत.

एका मे महिन्यात भर उन्हात मोटर बंद पडली. डिस्प्ले लागत होता, बॅटरी भरलेली दाखवत होता, पण पायडल मारलं तरी मोटर ढिम्म. मोटर आणि बॅटरी धरून सायकल वीस किलोच्या घरात. चढावरून ती ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी दुकानात नेली. दुकानदाराने आधी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, "काकू, ही चालवतं कोण?" म्हटलं, मीच. मग एकही स्क्रू न काढता त्याने सांगून टाकलं, "कंट्रोलर गेलाय. साडेपाच हजार होतील." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, "ते तुम्हाला नाही कळायचं. काकांना पाठवून द्या, त्यांना समजावतो."

आमच्या घरच्या काकांना बल्ब बदलायचा तरी शेजाऱ्याला हाक मारावी लागते! (हशा) पण ते पुरुष आहेत, म्हणजे त्यांना कळणारच. मी सायकल घेऊन घरी आले.

किटबरोबर एक कागद आला होता, बारीक इंग्रजीतला. तो दोन दिवस वाचला. त्यात एक वाक्य होतं, की ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते. मी विचार केला, मोटर बंद आहे, म्हणजे सायकलीला ब्रेक दाबलेला वाटत तर नसेल? ब्रेकच्या दांडीजवळ यासाठी एक सेन्सर असतो. शर्यतीच्या हँडलवरच्या ब्रेकमध्ये तो सहसा आतून नसतो, वरून चिकटवतात. माझ्या सायकलीवर दांडीला शेंगदाण्याएवढं लोहचुंबक आहे आणि त्यासमोर, न हलणाऱ्या भागावर, सेन्सर. दांडी ओढली की चुंबक दूर जातं आणि मोटर थांबते. उन्हाने चिकटपट्टी मऊ पडून उजवीकडचं चुंबक दोन-तीन मिलिमीटर सरकलं होतं. सायकलीला वाटत होतं, बाई सतत ब्रेक दाबूनच बसली आहे!

त्या सेन्सरची पिन सोडवली आणि मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. मोटर गुणगुणली. जुना चिकटा रॉकेलने पुसला, चुंबक जागेवर आणलं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली आणि पिन परत जोडली. खर्च दहा रुपये. दुकानात जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "चिकटपट्टी किती दिवस टिकणार?" अजून टिकली आहे.

साडेपाच हजार वाचले याचा आनंद आहेच. पण 'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य आपण जन्मभर ऐकतो. बँकेत, दवाखान्यात, सातबाऱ्याच्या कचेरीत. ऐकून ऐकून आपणच ते म्हणायला लागतो, 'मला बाई यातलं काही कळत नाही.' शिवणयंत्राचा दोरा तुटला तर ताण कुठे जास्त झालाय हे जिला कळतं, कुकरची शिट्टी होत नाही तेव्हा रिंग की व्हॉल्व्ह हे जी आवाजावरून ओळखते, तिला सायकल कळणार नाही? बिघाड शोधणं आपण रोजच करतो. फक्त त्याला कोणी 'तंत्रज्ञान' म्हणत नाही आणि त्याचे पैसेही देत नाही.

ओझं कोण वाहतं?

आता जोडसामानाकडे येते. दुकानात याला 'ॲक्सेसरीज' म्हणतात, म्हणजे हौसेची जोड. असली तर छान, नसली तरी चालेल. पण या सायकलीकडे नीट बघा. ज्याच्यासाठी ती बनवली तो माणूस कोण आहे? त्याच्याजवळ भाजीची पिशवी नाही, डबा नाही, मूल नाही. त्याला ओढणी नाही, साडीचा पदर नाही. तो पावसात बाहेर पडत नाही आणि अंधार पडल्यावर घाईने घरी येत नाही. घरी आल्यावर स्वयंपाक तयार असतो. असा माणूस डोळ्यांपुढे ठेवला की मडगार्ड, कॅरिअर, दिवा, स्टँड, चेनकव्हर हे सगळं वजन वाटतं आणि काढून टाकलं जातं.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. टोमणे, घाणेरडी शेरेबाजी सगळं झालं, तरी बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. लेडीज सायकली कमी पडल्या, तर काही बायकांनी जेंट्स सायकलच पसंत केली. का? तर सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून! ज्या दांडीला आपण पुरुषी म्हणत आलो, तीच त्यांनी मुलाची बैठक केली. वस्तू आपल्या कामाला कशी जुंपायची हे बाईला शिकवावं लागत नाही. मोकळीक आणि अवजार हातात यायला हवं.

बसवताना

पहिलं मडगार्ड. चाक आणि मडगार्ड यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक जाम होतं. शर्यतीच्या सांगाड्याला मडगार्डसाठी भोकं नसली तर आतून रबर असलेल्या पट्ट्या मिळतात, त्या नळीभोवती आवळायच्या. सांगाड्याला नवं भोक कोणालाही पाडू देऊ नका.

दुसरं कॅरिअर. मागच्या आसाजवळ आणि सीटखाली आटे पाडलेली भोकं असतील तर दोन पायांचं कॅरिअर लावा. भोकं नसतील तर सीटच्या दांडीला आवळायचं कॅरिअर मिळतं. पण ते हलक्या ओझ्यासाठीच. किती किलो चालेल हे त्यावर कोरलेलं असतं, ते वाचल्याशिवाय तांदळाची पिशवी ठेवू नका. सीटची दांडी कार्बनची असेल तर हे कॅरिअर अजिबात लावायचं नाही, दांडी तडकते. ओझं एका बाजूला लोंबकळत ठेवू नका, दोन पिशव्या करा. आणि एक चूक हमखास होते. कॅरिअरचा पाय बसावा म्हणून मोटरच्या आसावरचा वॉशर काढून टाकतात. त्या वॉशरला एक जीभ असते, ती सांगाड्याच्या खाचेत अडकते. मोटर जोर लावते तेव्हा आस उलटा फिरू नये म्हणून ती असते. ती नसली तर आस गरकन फिरतो, आतल्या तारा तुटतात, चाकही निसटू शकतं.

तिसरं पदराचं आणि ओढणीचं. मागच्या चाकाला दोन्हीकडे जाळी, चेनवर कव्हर. साध्या सायकलीवर पाय थांबले की ओढ थांबते. इथे पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ओढत राहते. कपडा अडकला तर तेवढा क्षण पुरे होतो. काहीजणी म्हणतील, मग सलवारच घाला ना. ज्यांना घालायची त्यांनी घालावी. पण साडी नेसणाऱ्या बाईने कपडे बदलण्याऐवजी सायकल बदलली तर काय बिघडलं?

चौथा दिवा. सायकलीचा साधा दिवा ६ व्होल्टचा असला तर ३६ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडल्याबरोबर जळतो. एक तर व्होल्ट कमी करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये टाका, नाहीतर चार्ज होणारा वेगळा दिवा घ्या. मी दुसरा मार्ग घेतला, कारण मोठी बॅटरी संपली तरी दिवा चालू राहतो. रात्री एकटी असताना मोटर बंद पडली तरी चालेल, उजेड बंद पडता कामा नये.

पाचवं, दिसायला क्षुल्लक. या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पुष्कळदा बारीक असतो. पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. त्यावर चढवायचं बोटाच्या पेराएवढं पितळी अडॅप्टर मिळतं. ते व्हॉल्व्हवरच लावून ठेवा किंवा किल्लीच्या जुडग्यात अडकवा. ते नसलं तर हवेसाठी गावभर फिरावं लागतं.

आणि सगळ्यांसाठी एक नियम. बोल्टचे पहिले तीन आटे बोटांनीच फिरवायचे. अडलं तर काढून सरळ करून पुन्हा लावायचं. आटे गेले की वीस रुपयांचं काम दोन हजारांचं होतं.

बिघाड शोधताना

तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोपं आधी तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि सोडवण्याआधी फोटो काढायचा किंवा वहीत चित्र काढायचं. कोणतीही पिन सोडवताना आधी बॅटरी बंद करून काढून ठेवायची.

डिस्प्लेच लागत नसेल, तर बॅटरी खाचेत पूर्ण बसली आहे का, तिचं बटण चालू आहे का, तोंडाशी हिरवट-पांढरं काही जमलंय का, फ्यूज गेलाय का, ते बघा. मग मल्टिमीटर. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. डी.सी. २०० व्होल्टवर काटा ठेवायचा, लाल तार धनाला, काळी ऋणाला. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४२ च्या जवळ दाखवते. तिच्या आत दहा घरं ओळीने असतात आणि भरलेलं प्रत्येक घर ४.२ व्होल्टचं, म्हणून ४२. रात्रभर चार्ज करूनही ४० च्या खालीच राहिली तर चार्जर मोजा. तोही ४२ च्या आसपास हवा. चार्जर बरोबर असेल तर मग बॅटरीकडे बघायचं.

डिस्प्ले लागतो पण मोटर नाही, ही माझी गोष्ट. आधी ब्रेकचे सेन्सर, एकेक सोडवून बघायचे. मग पायडलचा सेन्सर. पायडलच्या आसाजवळ बारीक चुंबकांची चकती असते, तिच्यासमोर सेन्सर. चिखलाने किंवा धक्क्याने फट वाढली की पाय फिरताहेत हे मोटरला कळतच नाही. दोन-तीन मिलिमीटर फट पुरे.

मोटर थरथरते, गुरगुरते पण ओढत नाही, असं झालं तर मोटरच्या तारेची जोडणी बघा. मोटरकडे तीन जाड तारा आणि काही बारीक तारा जातात, सगळ्या एकाच जोडणीत. तिच्या दोन्ही अंगांवर बाण असतो. बाणासमोर बाण आणून सरळ दाबायचं. पिळायचं नाही, आतल्या पिना वाकतात. पुष्कळदा जोडणी नुसती अर्धवट बसलेली असते.

सपाटीवर चालते आणि चढावर बंद पडते? मग ताण आल्यावर बॅटरीचे व्होल्ट खाली जाताहेत. बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा अर्धीच भरली असेल. हिशेब सोपा आहे. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. मी पायांचाही जोर लावते, तेव्हा माझ्या सायकलीला किलोमीटरमागे साधारण १२ लागतात, म्हणजे ३० किलोमीटर. कात्रजच्या चढावर हाच आकडा भराभर घसरतो. आपल्या सायकलीचा आकडा आपणच वहीत मांडावा, जाहिरातीतला खरा धरू नये.

पंक्चर झालं तर मागचं चाक काढायलाच हवं असं नाही. पंक्चरवाले मोटरचं चाक बघून नाही म्हणतात, तेव्हा हे उपयोगी पडतं. सायकल आडवी करा, टायरची एकच कड रिमवरून काढा, ट्यूब तेवढीच बाहेर ओढा, भोक शोधा, पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन, ठिगळ. आणि टायरच्या आत बोट फिरवून काच किंवा खिळा काढल्याशिवाय ट्यूब परत घालू नका. चाक काढावंच लागलं तर १८ नंबरचा पाना लागतो. वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा.

चेन मोजायला घरातली पट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. अर्धं सूत वाढलं की चेन बदला. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही गेलेले असतात.

मोटरच्या चाकाच्या तारांवर ताण जास्त येतो. महिन्यातून एकदा शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबून बघा. एखादी सैल लागली तर लगेच आउट काढून घ्या. तुटेपर्यंत वाट बघू नका. पावसाळ्यात जोडण्यांची तोंडं खालच्या बाजूला ठेवा आणि पाइपचा जोरदार फवारा मारून सायकल धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा.

बॅटरीशी खेळ नाही

आजच्या दिवसासाठी सगळ्यांनी धातूच्या बांगड्या, अंगठ्या, लोंबणारी मंगळसूत्रं काढून ठेवायची आहेत. हे चळवळ सांगत नाही, ३६ व्होल्ट सांगताहेत! (हशा) बॅटरीच्या दोन टोकांना बांगडी टेकली तर क्षणात लालबुंद होते. फुगलेली, आपटलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करायची नाही. रात्री सगळे झोपलेले असताना करायची नाही, आणि एका खोलीच्या घरात दाराजवळ तर नाहीच. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. तिच्याच चार्जरने चार्ज करा. बॅटरी उघडायची नाही, मीसुद्धा उघडत नाही. आणि निकामी झालेली भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे विकत घेतानाच विचारा, जुनी परत कुठे घेणार?

'मोजून दाखवा'

मला ठाऊक आहे, इथे बसलेल्या प्रत्येकीला अशी सायकल परवडणारी नाही. आपल्यातली एक मैत्रीण पाच घरी पोळ्या करते. तिने हप्त्यावर विजेची सायकल घेतली. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही, म्हणून तिला ती घेता आली. (कोणी 'वेग वाढवून देतो' म्हटलं तर नको म्हणा, ही सवलतच जाते.) तिची सायकल दोन दिवस दुकानात पडून राहिली, तर दोन दिवसांचे पैसे कापले जातात आणि हप्ता तर थांबत नाही. माझ्यासाठी बिघाड हा अपमान होता. तिच्यासाठी तो घरातला किराणा आहे. म्हणून हे शिकणं एकेकटीचं ठेवून चालणार नाही.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, गटाच्या पैशातून सामायिक अवजारांची पेटी करू या. ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, १८ चा पाना, पक्कड, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान, एक मल्टिमीटर. पेटी कोणाच्या घरी राहील ते दर महिन्याला बदलायचं. दोन, प्रत्येकीने एक वही ठेवायची. काय बिघडलं, काय केलं, किती खर्च आला. आणि महिन्यातून एकदा वह्या एकत्र वाचायच्या. तीन, घरातल्या पुरुषांना सांगायचं, त्या रविवारी दुपारचा स्वयंपाक तुमच्याकडे. शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या तरी कामातूनच काढावा लागतो.

सगळं आपणच दुरुस्त करू असं मी म्हणत नाही. चाकाच्या तारा नव्याने भरणं, बॅटरीच्या आतलं काम, हे जाणकाराकडेच जाईल, आणि जाणकाराची मजुरी आपण द्यायची. पण दुकानात जाताना आपल्याला दोन शब्द म्हणता आले पाहिजेत. त्याने सांगितलं 'कंट्रोलर गेलाय', तर शांतपणे म्हणायचं, "मोजून दाखवा." ज्याला काम येतं तो खुशीने दाखवतो. जो म्हणेल 'काकांना पाठवा', त्याच्या दुकानातून सायकल बाहेर काढायची आणि इथे घेऊन यायची.

चला, बांगड्या काढा. आधी मागच्या ब्रेकपासून बघू.